दुसऱ्या बैठकीचा आवाज

३ ऑगस्ट

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार.

मोबाइलवर तुमचा अंगठा एका दमात तीन अक्षरं दाबतो, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, असं तुम्ही पाटीवर लिहून दाखवलंत. तेव्हा हे पहिलं पत्र. काल मी आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसून टेबलावर टकटक करत होतात. एक टकटक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, एवढं मला समजलं. पण मध्येच सलग सहा-सात झाल्या, त्याचा अर्थ काय? आईला विचारलं तर म्हणाली, "काही नाही, चहा मागताहेत."

माझं इथे बरं चाललंय. ऑपरेशनच्या आधी मी तुम्हाला इथे घेऊन आले, तुमचा आवाज नोंदवला गेला, आणि दारावरची जागा भरायची पाटी वाचून मीच इथे चिकटले. आई अजून म्हणते, "बापाला दाखवायला गेली आणि स्वतःच भरती झाली." पण अप्पा, मला दुसरीकडे कुठे काम करावंसं वाटलं नाही. उद्या ज्यांचं स्वरयंत्र काढायचं आहे अशी माणसं आज इथे येतात, बंद खोलीत बसून दिलेली वाक्यं वाचतात आणि स्वतःचा आवाज ठेवून जातात. मग त्यावरून त्यांचं बोलतं यंत्र तयार होतं. लिहिलेलं ते त्यांच्याच आवाजात बोलतं. शिकले त्याचा याहून चांगला उपयोग काय असणार?

मी बसते ती जागा तुम्ही पाहिली नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या खोलीमागे कपाटाएवढी एक खोली आहे. सगळे आवाज तिथल्या जुन्या सर्व्हरमध्ये राहतात. त्याला सगळे "आजोबा" म्हणतात. त्याच्या शेजारी एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे हं. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी.

आता बातमी. आवाज नोंदवून घेणाऱ्या बाई (तुम्हाला "घरात बोलता तसं बोला" म्हणून सांगत होत्या त्याच) कितीतरी वर्षं तक्रार करत होत्या की प्रत्येक नोंदीत मागे कसलीशी घूं ऐकू येते. मी कानाला हेडफोन लावला आणि एकेक वस्तू बंद करत गेले. शेवटी तो स्विचचा पंखा निघाला! भिंत पातळ, पंखा म्हातारा. मी बिनपंख्याचा नवा स्विच आणवला आणि जुना माळ्यावर टाकला. आता खोलीत इतकी शांतता आहे की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

तुमच्या यंत्राचं काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. आईला नमस्कार.

तुमची,
ठमी


८ ऑगस्ट

चि. पदवीधरबाईंना अनेक आशीर्वाद.

सहा टकटक म्हणजे चहा नव्हे. "आता मलाही बोलू दे" असं ते होतं. तुझ्या आईला सोयीचा तेवढाच अर्थ कळतो.

मी मुका झालो, बहिरा नाही, हे या गल्लीला कधी कळणार कोण जाणे. शेजारचे मास्तर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडतात, "बरं वाटतंय का?" वाटत होतं, तेवढ्यात ते आले. आणि तुझी आई! ती तर पाटी हिसकावून घेऊन त्यावर उत्तर लिहिते. काल लिहिलं, "साबण संपला." मी खाली लिहिलं, "मला ऐकू येतं." तिने खाली लिहिलं, "माहीत आहे."

तुझ्या पंख्याची गोष्ट आवडली. बाजारात मी उभी हयात फळांची बोली पुकारली, कधी माईक लागला नाही. म्हणून त्या खोलीत बाईंनी तोंडासमोर ते खोकं धरल्यावर मी सवयीने उभाच राहिलो. पहिली बैठक मी अख्खी बाजारी आवाजात ठोकली. "आज हवा छान आहे" हे वाक्यसुद्धा असं म्हटलं की कोणीतरी ते विकत घ्यावं. बाईंच्या आवाजमापकाचा काटा लाल रंगात जाऊन बसला. बिचाऱ्या हसत होत्या. मग दुसऱ्या दिवशीची बैठक घरच्या आवाजात. ती बरी झाली, असं त्याच म्हणाल्या.

बाजारात अजून गेलो नाही. गड्यांनी बोलावलंय. पण पाटी घेऊन लिलावात उभा राहिलो तर मलाच कोणी बोली लावायचा. यंत्र आलं की बघू. घाई नाही.

अप्पा


१४ ऑगस्ट

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बाईंना वाचून दाखवलं. "कोणीतरी विकत घ्यावं" ऐकून त्यांना ठसका लागला.

इथे मात्र थोडी अडचण आहे. तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तुमचाही त्यात संबंध आहे.

आजोबांना घरघर लागली आहे. आत चार डिस्क आहेत, त्यातली एक गेलीच आणि दुसरी टकटक करते (तुमच्यासारखी नव्हे, वाईट). नवा सर्व्हर आलाय, त्यावर सगळे आवाज हलवायचे. दुसरी प्रत कुठेच नाही. इतकी वर्षं कोणीच ठेवली नाही, हे कळल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. डिस्क बाहेर काढून दुसरीकडे लावता येत नाहीत. चारी एकमेकींत अशा गुंतवल्यात की एकटीला काही अर्थ नाही. बाहेरची नवी डिस्क आजोबा ओळखत नाहीत. आणि त्यांना बंद केलं तर पुन्हा उठतील याची खात्री नाही. म्हणजे तारेतूनच, चालू असताना, एकेक आवाज इकडून तिकडे न्यायचा.

तार वेगवान आहे, अप्पा. हिशोबाने दोन-तीन दिवसांत सगळं व्हायला हवं. पण आवाज मुंगीच्या पावलाने जातात. जणू बाजाराचं मोठं दार सताड उघडं आहे, हमाल दारात उभे आहेत, आणि पेट्या मात्र एकेक करून, त्याही थांबत थांबत बाहेर येतात. आणि तेही या दोन आठवड्यांतच. त्याआधी अडचण नव्हती, असं सगळे म्हणतात.

नोंदी क्रमांकाने हलवतोय, सर्वांत जुनी आधी. तुमचा क्रमांक शेवटचा आहे; तुमच्यानंतरच्यांच्या नोंदी अजून बाईंच्या कॉम्प्युटरवरच आहेत, आजोबांकडे आल्याच नाहीत. मी कारण शोधतेय. सापडेल. तुम्ही काळजी करू नका.

ठमी


१८ ऑगस्ट

चि. ठमे, अनेक आशीर्वाद.

काळजी तू करतेस आणि मला करू नका म्हणतेस. तुझ्या अक्षरावरून कळतं. पहिल्या पत्रातल्या वेलांट्या ऐटीत उभ्या होत्या, या पत्रात सगळ्या वाकल्यात.

मला वाटतं तुला नोकरीची धास्ती आहे. नवीन माणूस, त्यात बाईमाणूस, त्यात घरात पहिलीच शिकलेली. काही बिघडलं की नव्याच्या माथी मारतात. बाजारात मारतात तर तिथे का नाही मारणार? तर ऐक. नोकरी गेली तर जाऊ दे. पदवी काही काढून घेत नाहीत. तुझ्या आईचं मत वेगळं. फोनवर तू हरवल्यासारखी बोलतेस म्हणून तिला वाटतं तुला कोणीतरी आवडलंय. मी पाटीवर लिहिलं, "असेल तर बोलका असू दे. घरात एक मुका पुरे." तर तिने पाटीच उचलून नेली.

माझ्या आवाजाचं मनावर घेऊ नकोस. मला काय कुठे भाषण करायचंय? शेवटी राहू दे की. राहिला तरी चालेल.

अप्पा

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

ठमे, हे मी त्यांच्या नकळत घालते. माझं लिहिणं तुला माहीत आहे, चुका काढू नकोस. त्यांचं 'चालेल' खरं धरू नकोस. यंत्र आलं की पहिलं काय बोलायचं ते रोज सकाळी पाटीवर लिहितात आणि मी आले की पुसतात. अजून मला वाचता आलेलं नाही. बाजाराचा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवायला लावलाय. — आई


२३ ऑगस्ट

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार.

नोकरीची भीती नाही हो. नोकरी जाईल असं कोणी म्हणालंही नाही. भीती दुसरीच आहे, आणि ती तुम्हालाही माहीत आहे.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते, म्हणजे मलाही डोकं लावायला बरं. तार बदलली. काही फरक नाही. माझा लॅपटॉप नव्या सर्व्हरला जोडून मोठी फाइल पाठवली, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली. म्हणजे नवा निर्दोष. तोच लॅपटॉप आजोबांना जोडला, तर पुन्हा मुंगी. म्हणजे दोष आजोबांच्या बाजूला. पण आजोबांना हाक मारली की ओ तात्काळ येते! बारक्या फाइली, टाइप केलेले कागद, हे सुद्धा झटकन येतात. लांबलचक आवाज आला की मात्र अडखळतात. विषाणू शोधणारा प्रोग्रॅम प्रत्येक फाइल उघडून बघत असेल म्हणून तो थांबवला. थोडा फरक पडला, मी नाचले, तासाभरात पुन्हा तेच. मोठे डॉक्टर दारात येऊन विचारतात, "झालं का?" रागावत नाहीत, नुसतं विचारतात. त्याचंच जास्त वाटतं.

डिस्कची टकटक वाढली आहे. मी कामात असते आणि माझे कान तिच्याकडे असतात. थांबली की जीव थांबतो, पुन्हा सुरू झाली की हायसं वाटतं, आणि आपण कशाचं हायसं मानतोय असं वाटतं.

आज बाई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं आधी काढून घे ना गं. कोण विचारणारे?" खरंच कोणी विचारणार नाही. पण पुढे रांगेत अशी माणसं आहेत जी आता नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे एवढंच उरलंय. अप्पा, तुम्ही काय केलं असतंत?

ठमी


२७ ऑगस्ट

चि. ठमे, अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगतो.

तू तान्ही होतीस तेव्हाची गोष्ट. तुझ्या काकाचा माल बाजारात आला, रांगेत शेवटी. ऊन चढत होतं, फळ बसत चाललं होतं. पुकारणारा मी, सख्खा भाऊ. त्याने लांबून खूण केली. मी न पाहिल्यासारखं केलं. आमच्यात दोनच नियम. रांग मोडायची नाही, आणि एकाची बोली चालू असताना त्यावर दुसरी पुकारायची नाही. त्याचा माल गेला मातीच्या मोलाने. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मग एकदा आला आणि म्हणाला, "तू तेव्हा रांग मोडली असतीस तर दुसऱ्या दिवशी तुझ्या बोलीवर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता."

तेव्हा रांग मोडू नकोस.

हे लिहून झालं आणि पाकीट बंद करायला घेतलं, तर हात थांबला. एक सांगून ठेवतो. दुसऱ्या बैठकीत दिलेली वाक्यं संपली, बाईंची वेळ अजून उरली होती. त्या म्हणाल्या, "काही मनातलं बोलायचंय?" मग तुझ्या आईला घरात हाक मारतो तशी मारली. आणि तुला, लहानपणी झोपेतून उठवायचो तशी. ते यंत्रासाठी नव्हतं. नुसतं असावं म्हणून. बाई म्हणाल्या, "असू दे, राहील." ते शेवटी आहे. ते तुमचं आहे. माझं नव्हे, म्हणून सांगितलं.

तरी रांग मोडू नकोस.

अप्पा


५ सप्टेंबर

चि. ठमे,

पत्र नाही. आईच्या फोनवर तू "कामात आहे" एवढंच म्हणालीस. मी टकटक केली, तुला ऐकू आली नाही का? काय झालं असेल ते लिही. बाजारात भाव पडला तर माणूस सावरतो. भाव कळला नाही तर मात्र तडफडतो.

अप्पा


१० सप्टेंबर

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार.

टकटक ऐकू आली होती. ऐकूनच फोन ठेवला.

कारण सापडलं, ते आधी सांगते. आजोबांच्या आत फुटक्या पेट्यांची मोजणी होते. म्हणजे तारेवरून जाताना खराब झालेले तुकडे. तिकडे आधी लक्षच गेलं नव्हतं. पाहिलं तर आकडा धावत होता. तुकडे फुटत होते, ते पुन्हा पाठवले जात होते, पुन्हा फुटत होते. बारक्या फाइलीत तुकडेच थोडे, त्या निसटून जायच्या. लांब आवाजाची मात्र दैना.

का फुटत होते? माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने आजोबांना हाताने शिकवून ठेवलं होतं, एकाच वेळी बोल आणि ऐक, विचारपूस करू नकोस. जुन्या स्विचलाही तेच शिकवलं होतं. दोघांचं जमलं होतं. नवा स्विच सुसंस्कृत. तो जोडल्याबरोबर विचारतो, "कसं बोलू या?" आजोबा उत्तरच देत नाहीत. मग तो आपला सांभाळून घेतो, एका वेळी एकानेच बोलायचं असं धरून चालतो. आजोबा बोलतच राहतात. दोघं एकमेकांवर बोलतात, आणि दोघांचं वाया जातं. आणि हा नवा स्विच ज्या जातीचा आहे, त्याला हाताने काही शिकवता येत नाही.

नवा स्विच मी आणला, अप्पा. घूं घालवायला. कौतुक माझंच झालं होतं.

आजोबांची शिकवण बदलता आली असती, पण त्या स्थितीत त्यांच्या आत हात घातला आणि ते गोठले तर सगळंच जायचं. सोपा उपाय एकच: माळ्यावरचा जुना स्विच खाली आणायचा. त्याला आपलं शिकलेलं आठवतं. मी तो आणला, पुसला, हातात तार घेतली. तेव्हा दुपार झाली होती आणि तुमची पहिली बैठक चालू होती, मुंगीच्या पावलाने. तुमच्यापुढे रांगेत आता कोणी नव्हतं. तुमचं पत्र सकाळीच आलं होतं. खिशात होतं.

आणि बाई दारात आल्या. म्हणाल्या, "आता घूं चालणार नाही गं. आतल्या बाईंचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

आत एक बसवाहक बाई बसल्या होत्या. जन्मभर थांबे पुकारलेल्या. वाचायला दिलेलं पान बाजूला ठेवून त्यांनी आधी माईकलाच सांगितलं, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" बाहेर त्यांची सून बसली होती, ती हसता हसता रडायला लागली. उद्यापासून त्यांना बोलता येणार नव्हतं. आजच्यानंतर दुसरी वेळ नव्हती.

स्विच दुसऱ्या खोलीत नेला असता, पण आजोबांपासूनची तार भिंतीत चिणलेली, ती तिथेच येते. पांघरुणात गुंडाळायचाही विचार केला. तो तापून बंद पडला असता. बाई म्हणाल्या, "तू ठरव. थोडी घूं मागे आली तर मी त्यांना सांगेन." हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

मला तुमचा दुसरा नियम आठवला. एकाची बोली चालू असताना त्यावर दुसरी पुकारायची नाही. मी तार खाली ठेवली.

त्या बाई सावकाश वाचत होत्या. चुकल्या की पुन्हा वाचायच्या. मी भिंतीपलीकडे आजोबांपाशी बसून राहिले आणि डिस्कची टकटक ऐकत राहिले. संध्याकाळी त्या बाहेर आल्या, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "छान शांत खोली आहे हो तुमची."

त्या जिना उतरल्या आणि मी स्विच लावला. घूं सुरू झाली. आणि अप्पा, तुमच्या पहिल्या बैठकीचा उरलेला भाग धबधब्यासारखा धावला. मी उभी राहून बघत होते. आता दुसरी, आता दुसरी. दुसरीने सुरुवात केली आणि टकटक थांबली. मी वाट पाहिली. पुन्हा सुरू झाली नाही.

चारी डिस्क वाचवणाऱ्यांकडे पाठवल्या. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. वाटलं, काहीतरी हातात घेऊनच लिहावं. काल त्यांचा फोन आला. काही निघत नाही.

सगळ्यांचे आवाज वाचले. तुमचीही पहिली बैठक पूर्ण आहे. तुमचं यंत्र त्यावरून होईल, बाईंनी कामाला घेतलंय. पण ते बाजारच्या आवाजात बोलेल. घरचा आवाज गेला. शेवटी तुम्ही आम्हाला मारलेल्या हाका गेल्या. मी त्या एकदाही ऐकल्या नाहीत.

आईला कसं सांगायचं ते मला कळत नाही.

ठमी


१४ सप्टेंबर

चि. ठमे, अनेक आशीर्वाद.

वाहक बाईंचा आवाज नीट आला ना? घूं नाही ना मागे? ते आधी कळव.

तुझं पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन बसलो. खोटं लिहीत नाही, वाईट वाटलं. बराच वेळ वाटलं. तू तार खाली ठेवलीस तिथे मी असतो तर मीही ठेवली असती, हे खरं. पण ठेवण्याआधी ती दोनदा उचलली असती, हेही खरं. तूही उचलली असशील. उचलली म्हणून काही बिघडत नाही.

आणि चूक तुझी म्हणतेस, तर स्विच बदलला नसतास तर त्या बाईंना "छान शांत खोली" कुठून मिळाली असती? एकाच पेटीत आंबट आणि गोड दोन्ही फळं येतात. निवडून कोण देतं?

घरचा आवाज तसाही घराबाहेर कधी गेला नव्हता. ज्या दोघींसाठी होता त्यांच्या कानात तो आहे. तुला सकाळी कसा उठवायचो, ते आठवतं ना? मग झालं.

आईला मी सांगितलं. तुझं पत्रच वाचायला दिलं. तिने पाटी मागितली. वाटलं मोठं काही लिहिते. लिहिलं, "ठमी जेवते का नीट?"

अप्पा


७ ऑक्टोबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

या वेळी मीच लिहिते. त्यांना वेळ नाही. यंत्र परवा आलं. तेव्हापासून बोलताहेत. बाजारी आवाज म्हणजे काय विचारू नकोस. "पंखा लाव" म्हणाले तर पलीकडच्या घरातला पंखा लागला. शेजारचे मास्तर "बरं वाटतंय का" म्हणून ओरडत आले, तर यंत्राने असं काही उत्तर दिलं की मास्तर दोन पावलं मागे सरले. आता हळू बोलतात. काल हे सदरा घालून बाजारात जाऊन आले. गड्यांनी खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं, असं ऐकते.

पण तुला पहिलं सांगायचंय. यंत्र लावून दिलं आणि ते अंगणात बसले. मी आत होते. पाटीवर रोज लिहून पुसत होते ते आता कळणार म्हणून मी कान देऊन उभी होते. बराच वेळ बटणं दाबण्याचा आवाज. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"अगं, ऐकतेस का?"

एवढंच. एवढ्यासाठी दोन महिने पाटी पुसत होते. घरात किती हळू म्हणायचे ते, तुला माहीत आहे. आता समोरच्या खिडक्या उघडल्या. मला लाज वाटली. ओ द्यायला तोंड उघडलं आणि दिली नाही.

त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा दाबलं. "अगं, ऐकतेस का?" मी तशीच उभी. ठमे, आवाज घरचा नव्हता, पण बोलणं घरचंच होतं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

तिसऱ्या वेळी हाक आली आणि मी ओ दिली. लिलावात तीन वेळा पुकारलं की बोली सुटते, एवढं मलाही कळतं.

पाटी धुऊन वर ठेवून दिली आहे. जेवत जा.

आई